वॉटर मे कम, वॉटर माइट कम

सोलापूरकराला इंग्रजीतली मोडल ऑक्झिलरी, म्हणजे खात्री, शक्यता, सक्ती दाखवणारी विल, मे, मस्टसारखी सहायक क्रियापदं, अवघड का वाटावीत, हे मला न सुटलेलं कोडं आहे. नळाला पाणी चौथ्या दिवशी येणार की पाचव्या, यावर आपल्या गल्लीत रोज जो काथ्याकूट चालतो, तो सगळा मोडलचाच तर आहे. फक्त मराठीत.

'द वॉटर विल कम टुमारो' म्हणजे ठाम खात्री. असं वाक्य पाणी सोडणारा चावीवालासुद्धा बोलणार नाही. 'शुड कम' म्हणजे हिशोबाने यायला हवं: मागचं सोमवारी आलं, म्हणून शुक्रवारी. 'मे कम' म्हणजे येईलही, नाहीही. 'माइट' त्याहून जरा पातळ. पण रोजच्या बोलण्यात मे आणि माइट यांतला फरक इतका बारीक आहे की तो मोजत बसण्यापेक्षा टिपाड धुऊन ठेवावं.

खरी गंमत 'मस्ट'ची. शाळेत मस्ट म्हणजे सक्ती, एवढंच डोक्यात बसतं. पण शेजारची मोटर घुंघुं करायला लागली आणि गटार अचानक वाहू लागलं, की जे म्हणायचं ते 'द वॉटर मस्ट हॅव कम'. नक्कीच आलं असणार. इथे सक्ती कुणाची नाही, नुसता पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. याचं उलट करताना बहुतेकजण 'मस्टन्ट' लावतात आणि फसतात. मोटर गप्प, गटार कोरडं, तर 'द वॉटर कान्ट हॅव कम'.

मस्टन्टचं काम निराळं. 'यू मस्टन्ट फिल द टँक' म्हणजे टाकी भरायची नाही, खबरदार. 'यू डोन्ट हॅव टू फिल द टँक' म्हणजे भरायची गरज नाही, भरलीत तरी कुणी रागावणार नाही. पाहुण्याला दुसरं सांगायचं असताना पहिलं सांगितलं, तर तो पुढच्या उन्हाळ्यात येणार नाही. अर्थात, मे महिन्यातलं सोलापूर बघता, तसाही येत नसतो.

घडणीचे नियम थोडेच. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट ही ती नऊ. त्यांना एस लागत नाही, पुढे टू लागत नाही, प्रश्न करताना डू लागत नाही. 'मस्ट टू फिल' नाही, 'मस्ट फिल'. आणि आपलं लाडकं 'आय कॅन एबल टू' कृपा करून सोडा; कॅन तरी ठेवा, नाहीतर 'ॲम एबल टू'. 'काल दोन बॅरल भरता आले' या एकदाच्या पराक्रमाला 'कुड फिल' चालत नाही, 'वॉज एबल टू फिल' किंवा 'मॅनेज्ड टू फिल' म्हणावं लागतं. नाही भरता आले, तर मात्र 'कुडन्ट' बिनधास्त. अपयशाला इंग्रजी सवलत देते.

आता गौण वाक्यं, म्हणजे मुख्य वाक्याला टेकून उभी राहणारी. मराठी जोडीनं चालते: जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा. इंग्रजीत बहुधा जोडीतला एकच कामाला येतो. म्हणून 'दो द वॉटर केम, बट द टँक इज एम्प्टी' यातलं दो काढा नाहीतर बट काढा, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. बिकॉज आणि सो यांचंही तसंच.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते 'इफ द वॉटर विल कम' इथे. इफच्या वाक्यात साधा वर्तमानकाळ, विल फक्त मुख्य वाक्यात: 'इफ द वॉटर कम्स, आय विल कॉल यू.' यात रडण्यासारखं काय आहे? आपण तर 'पाणी आलं तर हाक मारते' म्हणतो, म्हणजे उद्याच्या पाण्याला थेट भूतकाळ! 'पाणी येईल तर' कोण म्हणतं?

व्हेनला तोच नियम, पण तिथे एक खाच आहे. 'व्हेन द वॉटर कम्स, आय विल कॉल यू' बरोबर आणि 'डू यू नो व्हेन द वॉटर विल कम?' हेही बरोबर. ओळखायचं कसं? वाक्य मराठीत म्हणून बघा. 'कधी' आलं तर विल ठेवा: 'पाणी कधी येईल, माहितीय का ओ काकू?' 'आलं की' किंवा 'जेव्हा' आलं तर विल उडवा. आणि आतल्या प्रश्नात 'व्हेन विल द वॉटर कम' असा उलटा क्रम घालू नका. प्रश्न 'डू यू नो'ने आधीच विचारून झालेला असतो.

'अंटिल'चा घोळ शुद्ध मराठी. 'पाणी येत नाही तोपर्यंत' मधला 'नाही' आपण उचलून 'अंटिल द वॉटर डझन्ट कम' करतो. इंग्रजीला तो नको: 'अंटिल द वॉटर कम्स, नोबडी विल बेद.' अनलेसच्या पोटात तर 'नाही' आधीच आहे, त्याला दुसरा भरवू नका.

उरला पश्चात्ताप. पाणी रात्री दोनला येऊन गेलं. 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव फिल्ड द टँक.' इफच्या बाजूला वुड नाही, हॅड. मग समोरच्या काकूंना 'यू शुड हॅव टोल्ड मी' ऐकवावं. हे शुड हॅव घाईत बोललं की 'शुड ऑफ'सारखं ऐकू येतं, आणि इंग्रजी ज्यांची मायबोली आहे अशी पुष्कळ माणसं ते तसंच लिहूनही मोकळी होतात. त्यांचे मार्क कोण कापणार?