"काका, वर काही नाहीये"

आज नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर गेलो होतो. निम्म्या पायऱ्या चढलो असेन, वरून पाच-सहा पोरं उतरत होती. त्यातला एक न विचारता म्हणाला, "काका, कशाला जाताय? वर काही नाहीये."

डोक्यात तिडीक गेली. काही नाहीये??

नववीत होतो. अण्णांनी सायकलींवरून पेठ रोडने आशेवाडीला आणलं, वर नेऊन कड्यापाशी बसवलं. दशमी हातात दिली आणि म्हणाले, "तू मोगलांचा सरदार. घे गड." म्हटलं, तोफा लावतो. "गोळा इथवर पोचेल?" मग शिड्या लावतो. "वरून धोंडे सोडले की?" दशमी संपेपर्यंत तीनदा हरलो.

औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खानही असाच हरला. १६८२ला वेढा घातला, गडाच्या उंचीला भिडायला लाकडी दमदमा, म्हणजे तोफा चढवायचा उंच बुरूज, उभारला. काही उपयोग नाही. गडावर धड तोफा नव्हत्या, तर आपल्या लोकांनी लाकडाच्या केल्या, वरून कातडं मढवलं म्हणतात. मूठभर माणसं आणि औरंगजेबाची फौज. पाच वर्षांहून जास्त! तेही नाशिकपासून चौदा-पंधरा किलोमीटरवरच्या एवढ्याशा डोंगरावर.

आणि हा म्हणतो काही नाहीये.

हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवर रील काढायला रविवारी रांग लागते, तिथे मात्र सगळं असतं. २०२५मध्ये साल्हेर युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा याच पोरांनी स्टेटस ठेवले असतील.

बरं, तटबंदी नावालाच उरलीय, सावली नाही, वाड्यांचे चौथरे गवतात शोधावे लागतात. मान्य. पुढे.

वर पोचल्यावर मात्र राग उतरला. समोर भोरगड, खाली शेतं, वारा. अण्णांच्या जागेवर बसलो आणि वाटलं, या पोरांना कुणी कड्यावर बसवून "घे गड" म्हटलंच नसेल, तर त्यांना तरी काय दिसणार? दगड आणि गवत. माझाही मुलगा 'पुढच्या रविवारी' करत बारावीला पोचला, मी कुठे आणलं त्याला? (तरी, "आम्हाला काही कळलं नाही" म्हणावं. "काही नाहीये" म्हणू नये.)

अण्णांना फोन लावला. गुडघ्यांमुळे चार वर्षं त्यांना कुठलाच गड नाही. त्यांनी पहिलं विचारलं, "टाक्यात पाणी आहे का रे?"

म्हटलं, आहे.

त्यात वेफर्सची पाकिटं तरंगत होती, ते नाही सांगितलं. तीन काढली, बाकीच्यांना हात पोचला नाही.