दहावीच्या पोरीला 'तू कानानं शिकणारी' म्हणून सांगणाऱ्यांसाठी

आज कामावरून सुटल्यावर बेळगावातल्या वडगावला अक्काकडे गेलो. भाची यंदा एस.एस.एल.सी.ला, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या दहावीला. कॉटवर पाय पसरून, कानात हेडफोन घालून बसली होती. गणिताची वही उशीखाली, पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं नाही. मोबाईलवर कुणीतरी बाई अरिथमेटिक प्रोग्रेशन, म्हणजे सारख्या फरकानं वाढत जाणाऱ्या संख्या, समजावत होत्या. विचारलं, "गणितं सोडवलीस काय गं?" तर म्हणते, "मामा, मला लिहून जमत नाही. मी ऑडिटरी आहे."

आहे! जसं काही रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे.

मग तिनं कपाटातून एक कागद काढून दाखवला. लॅमिनेशन केलेला, वर रंगीत गोल, खाली शिक्का. गेल्या महिन्यात एका हॉलमध्ये करिअरचं शिबिर झालं, तिथं मिळाला. अक्कानं त्याची फी भरली. माझी अक्का घरात बसून साड्यांना फॉल-बिडिंग करते, एकेका साडीमागं काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या पैशातून हा कागद आला, आणि तेव्हापासून पोरगीनं गणित लिहायचं सोडलंय, कारण कागदावर 'श्रवण' लिहिलंय.

शिबिरात एक प्रश्नावली भरून घेतली होती, त्यातले प्रश्न कसले होते ते पण विचारलं. नवीन ठिकाणी जायचं असेल तर नकाशा बघतेस की कुणाला विचारतेस? आता वडगावात वाढलेली पोरगी काय उत्तर देणार? शहापूर, खासबाग, अनगोळ, कुठंही जायचं तर आपण सगळे कोपऱ्यावरच्या दुकानदारालाच विचारतो. एवढ्यावरून पोरीची बुद्धी कुठल्या वाटेनं चालते ते ठरवायचं?

मला राहून राहून आमच्या वडिलांचा, आप्पांचा, साड्या विणायचा माग आठवतोय.

जुन्या मित्रांना आमचं घर माहीत आहे. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागच्या खोलीत आम्ही. शाळेतून आलो की कांड्या भरायच्या, मग अभ्यास. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. ताण्याचा, म्हणजे उभा तुटला तर थांबत नाही, खटाक खटाक चालूच राहतो, आणि ते तुटलेलं टोक शेजारच्या धाग्यांत अडकून साडीत रेघ पडत जाते. रेघ पडली की मजुरी कापली. आप्पा मागच्या खोलीत जेवायला बसलेले असायचे, मागाचा आवाज थोडा बदलला की घास तसाच ठेवून उठायचे. हजारो धाग्यांत ते एक टोक डोळ्यांनी हुडकायचे, बोटांना थुंकी लावून गाठ मारायचे आणि हुकानं धागा फणीच्या दातातून ओढून घ्यायचे. आपण श्वास घेऊन सोडतोय तोवर माग परत चालू.

आता सांगा, आप्पा कानानं शिकणारे, की डोळ्यांनी, की हातांनी? त्या शिबिरवाल्यांनी माझ्या बापाला कुठल्या रकान्यात बसवलं असतं?

मला ती गाठ शिकवली तेव्हा आप्पांनी काय समजावून बिमजावून सांगितलं नाही. मी शेजारी उभारून बघायचो, वाटायचं आलं आपल्याला. एक दिवस म्हणाले, "बघत काय उभारलायस? हात घाल." हात घातला, आणि काहीच येत नाही ते कळलं. धागा निसटतो, गाठ जाड होते, फणीतून जातच नाही. परत सोड, परत बांध. बघून जे आल्यासारखं वाटत होतं, ते हात घातल्यावर खरंच यायला लागलं.

या सगळ्या कागदांचं मूळ कुठं आहे ते पण सांगतो, कारण शिबिरात म्हणे 'जगभर सिद्ध झालेली पद्धत' असं सांगितलं. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग, आधी शाळा तपासणीस होते. त्यांनी १९९२ साली एका सहकारी बाईंबरोबर हे चार प्रकार मांडले, बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून. चार प्रकारांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'व्हार्क' म्हणतात. माणसाला काय आवडतं हे विचारणारी ती प्रश्नावली. पुढं २००८ मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी सगळं संशोधन चाळून बघितलं, की पोरांना त्यांच्या त्यांच्या प्रकारानं शिकवलं तर खरंच जास्त येतं काय. तशा पद्धतीनं शिकवा म्हणून सांगण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. हे होऊन किती वर्षं झाली! आणि आमच्याकडं अजून लॅमिनेशन चाललंय.

हो, आवडी वेगळ्या असतात, हे मान्य. कुणाला पहाटे उठून अभ्यास होतो, कुणाला रात्री. कुणाला मोठ्यानं म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. आणि ज्या पोरांना अक्षरं ओळखायलाच खरी अडचण येते, ज्यांना कमी दिसतं किंवा कमी ऐकू येतं, त्यांना वेगळी मदत लागतेच, ती मिळालीच पाहिजे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण धडधाकट पोरीला 'तुला हे जमणार नाही' याचं सर्टिफिकेट देण्याशी आहे.

उद्यमबागेत आमच्या मशीन शॉपमध्ये पण हे पोचलंय. आय.टी.आय. करून नवीन पोरं येतात. मध्ये एक आला, खानापूरकडचा, चांगला पोरगा. व्ही.एम.सी.वर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, सेटिंग शिकवत होतो. हात मागं बांधून उभा. म्हटलं, ऑफसेट (हत्याराच्या आणि जॉबच्या जागेचे आकडे) घाल. म्हणाला, "सर, मी आधी बघतो, माझं बघून चांगलं होतं." बघू दिलं. मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचे तुकडे, चढत-उतरत राहिले, हा बघतोय, मान हलवतोय. मग म्हटलं, आता मला सांग, मी पहिल्यांदा काय केलं, मग काय केलं. गप्प. डोळ्यासमोर सगळं झालं होतं आणि डोक्यात काही उरलं नव्हतं.

मी त्याच्या हातात मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) दिला. ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत आहे, थिंबलवर, म्हणजे फिरवायच्या नळीवर, पन्नास रेघा, एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, म्हणजे एक रेघ मिलिमीटरचा शंभरावा भाग. हे वर्गात सगळ्यांनी ऐकलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलं पण असतं. पण जॉब धरून फिरवायला लागलं की कुठं थांबायचं ते टोकाच्या रॅचेटची टक टक सांगते, किती दाबायचं ते बोटं सांगतात आणि माप डोळे वाचतात. यातलं एक काढून टाका, माप चुकलं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, मिलिमीटरचे दोन शतांश असेल तर जॉब भंगारात. त्याला सांगितलं, एकच जॉब परत परत मोज, दर वेळी आकडा लिही, आणि आधीचा आकडा झाकून ठेव. सुरुवातीला प्रत्येक वेळी वेगळा आकडा. संध्याकाळपर्यंत आकडे जवळ यायला लागले, आणि पोरगा खुलला. हे शिकणं आप्पांच्या गाठीसारखंच झालं बघा, माग जाऊन मशीन आलं एवढाच फरक.

कशानं शिकायचं ते शिकायची गोष्ट ठरवते. भारताचा नकाशा डोळे मिटून ऐकून येईल काय? कविता चित्र बघून पाठ होईल काय? कन्नड पुस्तकात बघून आली असती तर इथल्या निम्म्या लोकांना बसच्या कंडक्टरशी बोलताना घाम फुटला नसता.

आता भाषेवर आलोच आहे तर हे पण बोलून टाकतो, कारण मला खरा राग याचाच आहे.

आपल्या भागातली पोरं का अडकतात हे तुम्हाला-मला माहीत आहे. घरात मराठी. गल्लीत मराठी-कन्नड मिसळून. मराठी शाळेत दहावीपर्यंत सगळं मराठीत, आणि कन्नड विषय करायलाच लागतो. मग पी.यू.सी. (अकरावी-बारावी) सायन्सला गेला की एका रात्रीत फिजिक्स, केमिस्ट्री सगळं इंग्रजीत. पहिले काही महिने पोरगा वर्गात नुसता बसलेला असतो. कामाला लागला की ड्रॉइंग इंग्रजीत, सुपरवायझर कन्नडमध्ये ओरडतो, शेजारच्या मशीनवरचा बिहारचा मुलगा हिंदी बोलतो. येळ्ळूरचा, निपाणीचा, खानापूरचा पोरगा एकाच दिवसात एवढ्या भाषांतनं वाट काढतो, त्याची बुद्धी कमी आहे असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्याला विषय कळत नाही, कारण ज्या भाषेत तो सांगितला जातोय ती त्याला अजून आलेली नाही. आणि त्याला एक गोल छापलेला कागद देऊन सांगायचं, तुझा दोष नाही रे, तू 'करून शिकणारा' आहेस, सायन्स तुझ्यासाठी नाही. हे ऐकून किती जणांनी सायन्स सोडलं असेल! आई-बाप बिचारे गप्प बसतात, कागदावर शिक्का आहे ना.

शब्दांची वही करून द्या की त्यांना. प्रत्येक धड्याचे शब्द, मराठीत अर्थ, रोज थोडे, आणि दुसऱ्या दिवशी अर्थ झाकून विचारा. हे करायला हॉल लागत नाही. त्याची फी लावता येत नाही, म्हणूनच कुणी करत नसेल.

लिहिता लिहिता जरा जास्तच तापलो. शिबिर घेणाऱ्यांत सगळेच वाईट हेतूचे असतील असं नाही. अक्का म्हणाली की त्या दिवसानंतर पहिल्यांदा पोरगी तिच्याशी अभ्यासाबद्दल अर्धा तास बोलली. ती पण काही लहान गोष्ट नाही. तेवढं श्रेय त्यांना देतो.

तर आज काय झालं. मी भाचीला म्हटलं, फॉर्म्युला म्हण. घडाघडा म्हणाली, "ए प्लस एन मायनस वन इंटू डी." एक अक्षर इकडचं तिकडं नाही. कान खरंच तयार आहेत पोरीचे. मग म्हटलं, पहिली संख्या ७, फरक ४चा, विसावी संख्या काढ. कुरकुरत वही घेतली, आणि उत्तर आलं ८७. वीस चोक ऐंशी, अधिक सात. तोंडानं 'एन मायनस वन' म्हणत होती आणि हातानं वीसच घेतले होते.

मी चूक दाखवली नाही. म्हटलं, पहिल्या चार संख्या लिही आणि प्रत्येकीसाठी किती वेळा चार मिळवलेस ते खाली लिही. सात, अकरा, पंधरा, एकोणीस. खाली शून्य, एक, दोन, तीन. पेन थांबलं. माझ्याकडं बघितलं, परत वहीकडं बघितलं, आणि म्हणाली, "अरे! विसाव्याला एकोणीसच वेळा होतंय की." ८३ लिहिलं आणि खाली रेघ मारली. तो 'वजा एक' तिनं कितीतरी वेळा ऐकला असेल, पण तो तिथं का बसलाय ते तिला वहीत उतरवल्यावरच दिसलं. आप्पांनी 'हात घाल' म्हटल्यावर मला जे कळलं होतं तेच.

आणि ऐकायची आवड आहे ना, ती पण वापरू की. तिला म्हटलं, गणित सुटलं की तेच आईला मोठ्यानं समजावून सांग. अक्का सातवी शिकलेली. तिला कळेपर्यंत सांगायचं. जिथं अडखळशील तिथं तुला आलेलं नाही.

धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, हे मी माझ्या मनानं सांगत नाहीये. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर करून बघितलंय. एक उतारा वाचून झाल्यावर काहींनी तो परत वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. म्हणूनच परत परत वाचणाऱ्या पोराला परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं येतंय असं वाटत असतं. पुस्तक मिटल्यावर त्रास होतो, रिकामं वाटतं, पोरं चिडतात. चिडू देत. थोडं विसरायला आल्यावर परत आठवायचं, दोन दिवसांनी, मग आठवड्यानं. एका बैठकीत सगळं रेटायचं नाही.

अक्कानं तो लॅमिनेशनचा कागद देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. मी तिला विचारून तो माझ्याकडं घेऊन आलोय. भाचीनं परत मागितला नाही.

ज्यांनी त्याच शिबिरात फी भरलीय आणि आता मला फोन करून विचारणार आहेत, त्यांना इथंच सांगतो. भरलीत ती भरलीत, त्यावरून घरात भांडू नका. फक्त पोराच्या समोर 'आमचा ना, बघूनच शिकतो' असं पाहुण्यांना सांगायचं थांबवा. ते ऐकत असतात.

वडगाव-खासबागच्या बाजूला कुणाचं पोर दहावीला किंवा पी.यू.सी.ला असेल आणि गणितात अडत असेल, तर शनिवारी संध्याकाळी सातनंतर आमच्याकडं पाठवा. पुढची खोली आता रिकामीच आहे, माग कधीच विकले. फी नाही. येताना कोरी वही, पेन आणि मागच्या वर्षाची प्रश्नपत्रिका आणायची. भाची पण असणार आहे, तिलाच पहिलं गणित समजावून सांगायला लावणार आहे. येणार असाल तर खाली कमेंटमध्ये लिहा, म्हणजे चटया किती घालायच्या ते अक्काला सांगता येईल.