आत्याचे तीन बोकड आणि "गावचा खाटीक बंद करा"वाला मेसेज

आखाड लागायच्या आदल्या आठवड्यात आत्याचा फोन आला, म्हणाली तिन्ही बोकडं दिली व्यापाऱ्याला. मी म्हटलं अगं आखाड तोंडावर आलाय, आठ दिवस थांबली असतीस तर दारात येऊन नेली असती लोकांनी. तर म्हणाली, "आरं, गावात कापायला बंदी आलीय म्हनं, पाच लाख दंड लिवलाय मोबाईलवर, आपला खाटीक घ्याया तयार न्हाई, मग मी काय करू बोकडांचं?" तिघांचे मिळून 21 हजार आले. गेल्या आखाडात याच वजनाचा एकेक बोकड 10 हजाराला गेला होता. म्हणजे 9 हजार रुपये गेले, आणि माणदेशात दीड एकर कोरडवाहू आणि 11 शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला 9 हजार म्हणजे काय हे त्या मेसेजवाल्याला माहीत नाही.

मेसेज मी मागवून घेतला. तुमच्याही ग्रुपवर आला असेल, वर लाल गोळे आणि खाली "जनहितार्थ". त्यात म्हटलंय की गावात किंवा घरी बोकड कापणं आता गुन्हा आहे आणि 5 लाख दंड आहे. ताज्या मटणात जनावराच्या भीतीचं विष असतं आणि ते मशीनमध्ये उणे 18 ला गोठवल्यावरच मरतं. खाटकाचं मटण म्हणजे रोग, कारखान्याचं सीलबंद म्हणजे 100 टक्के सुरक्षित. मोठे प्रकल्प आले की दलाल जाणार, शेतकऱ्याला दुप्पट भाव. अमेरिकेत हे कधीच झालंय. म्हणून गावचे खाटीक बंद करा, बोकड थेट कंपनीला द्या. एवढं सगळं एका दमात.

आधी दंडाचं बघू, कारण त्यानेच आत्याचं नुकसान केलं. 5 लाखांचा आकडा हवेतून आलेला नाही, तो 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यातल्या मूळ कलम 63 मधला आहे, विनापरवाना अन्नाचा धंदा करणाऱ्यासाठीचा. पण त्याच कलमात लिहिलंय की कलम 31(2) खाली ज्यांना परवान्यातून सूट आहे ते सोडून. ही सूट कुणाला? छोट्या धंदेवाल्यांना. त्यांनी परवाना नाही, फक्त नोंदणी करायची. आणि छोटा म्हणजे किती छोटा, तर 2011 च्या नियमावलीत स्पष्ट आहे, दिवसाला 10 लहान जनावरं किंवा 2 मोठी जनावरं किंवा 50 कोंबड्या इथपर्यंत कापणारा. नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये ठेवली होती. आमच्या गावचा खाटीक एरवी दिवसाला एक कापतो, रविवारी तीन-चार, जत्रेला सोडलं तर दहापर्यंत कधी गेलेला नाही. म्हणजे ज्या कायद्याची भीती घालून त्याचं दुकान बंद पाडलं त्याच कायद्यात त्याच्यासाठी दार ठेवलेलं आहे, आणि ते त्याला कुणी दाखवलंच नाही! आणि शेळी पाळणारी आत्या, ती तर जिवंत जनावर विकते, तिचा या दंडाशी संबंधच काय?

हां, एक गोष्ट मेसेजवाल्याच्या बाजूने मान्य करावी लागेल. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून 2001 मध्ये कत्तलखान्यांचे जे नियम आले त्यात नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर कापायला मनाई आहे, गाभण किंवा तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू कापायचं नाही हेही आहे, आणि ते बरोबरच आहे. पण मग नगरपालिकेने कत्तलखाना चालवायला नको का? 74 व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली तिच्यात कत्तलखान्यांचं नियमन हा नगरपालिकांच्या कामांमधला विषय आहे. मी बघितलेला एक तालुक्याच्या गावचा कत्तलखाना म्हणजे फुटलेल्या फरशीचा ओटा, कोरडी टाकी आणि कुलूप. जनावरांचा डॉक्टर येत नाही, पाणी येत नाही, म्हणून खाटीक नाल्याकाठी पत्र्याखाली कापतो, आणि मग त्याचाच फोटो काढून सांगायचं बघा किती घाण.

आता ते भीतीचं विष. हे वाचून माझं डोकंच फिरलं, कारण यात एक खरी गोष्ट घेऊन ती पार उलटी करून टाकलीय. घाबरलेल्या, थकलेल्या जनावराच्या मटणाला फरक पडतो हे खरं आहे. पण त्याचं कारण विष नाही. जनावराच्या स्नायूत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, कापल्यानंतर त्याचं लॅक्टिक ॲसिड होतं आणि मटणाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 7 च्या आसपास असतो तो हळूहळू साडेपाचाच्या जवळ येतो, त्या आंबटपणामुळे मटण टिकतं. जनावर तासन्‌तास उपाशी, तहानलेलं, घाबरलेलं राहिलं की हा साठा आधीच संपतो, पीएच पुरेसा खाली येत नाही, मटण काळपट, घट्ट, कोरडं राहतं आणि लवकर नासतं.

मग आता सांगा, कुठला बोकड जास्त घाबरतो? आत्याच्या गोठ्यातून दोर धरून दहा मिनिटं चालत खाटकाकडे गेलेला, का दुमजली गाडीत एकावर एक कोंबून 300-350 किलोमीटर मुंबईला नेलेला, पाण्याचा थेंब नाही, घाटात गाडी वळली की सगळी एका अंगाला? व्यापारीच सांगतात गाडीतून उतरल्यावर जनावर किलो-दीड किलो हलकं भरतं. म्हणजे भीतीचा मुद्दा एवढाच महत्त्वाचा वाटत असेल तर तो गावात कापायच्याच बाजूचा आहे.

आणि गोठवल्याने विष मरतं म्हणे. गोठवल्याने बहुतेक जिवाणूसुद्धा मरत नाहीत, नुसते थांबतात, बर्फ वितळला की परत सुरू. शिवाय मटण पुरतं ताठरून सैल पडायच्या आधीच थेट गोठवलं तर ते चामड्यासारखं होतं हे मटणाच्या धंद्यातल्या कुठल्याही जाणकाराला विचारा. आमच्याकडे दिवसातून चार-चार तास लाईट जाते, तिथे उणे 18 कोण सांभाळणार?

सुरक्षिततेचं. इथे मला नाइलाजाने थोडं मान्य करायचंय. खाटकाकडे सगळं छान असतं असं मी म्हणणार नाही. माश्या असतात, कुत्री असतात, लाकडी ठोकळा नीट धुतलेला नसतो, आतडी-शेण नाल्यात जातं. मेलेलं जनावर स्वस्तात घेऊन कापणारे हरामखोर आहेत, आणि फाशीने म्हणजे अँथ्रॅक्सने मेलेलं जनावर नुसतं सोलणाऱ्या माणसालाही रोग होतो. इंजेक्शन दिलेलं जनावर, औषध अंगातून उतरायला ठरलेले दिवस जाऊ न देता, बाजारात आणतात, हे तर आपले शेतकरीच करतात. हे सगळं थांबलं पाहिजे.

पण गावात वाटे घालताना कधी उभे राहिलात का? पंधरा घरं मिळून एक बोकड घेतात, बाभळीला उलटा टांगून सोलतात, खाली ताडपत्री. आमचा खाटीक पोट फाडलं की पहिलं काळीज काढतो आणि ते उजेडात धरून दोन्ही अंगांनी बघतो. पाण्याची गाठ दिसली, चपटा किडा निघाला, तर काळीज बाजूला, खड्ड्यात. तेही सगळ्यांसमोर, मालकीणबाई शेजारीच उभी असते, तिला विचारतो कधी आजारी होता का, कसलं इंजेक्शन दिलं होतं का. मग सत्तूर, मग सारखे वाटे, प्रत्येकात थोडी चाप, थोडी नळी, थोडी वजडी, मुंडी-पाय ज्याचा नंबर त्याला. हे डॉक्टरच्या तपासणीला पर्याय आहे असं मी म्हणत नाही, डॉक्टर पाहिजेच. पण बोकड कुणाचा, कापला कुणी, खाल्ला कुणी हे पंधराच्या पंधरा घरांना माहीत असतं, आणि काही बिघडलं तर खाटकाला दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बसायचं असतं.

आणि सीलबंद म्हणजे 100 टक्के सुरक्षित म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेचं नीट वाचावं. जागतिक आरोग्य संघटनेकडे सगळी नोंद आहे. जानेवारी 2017 ते जुलै 2018, लिस्टेरिया नावाच्या जिवाणूने 1060 लोक आजारी पडले, 216 मेले, त्यात नवजात बाळं किती तरी. लिस्टेरियाची जगातली आजवरची सर्वांत मोठी साथ. उगम सापडला तो पोलोक्वाने शहरातल्या एका मोठ्या, आधुनिक कारखान्यात, पोलोनी नावाच्या तयार मांसाच्या सॉसेजमध्ये, आणि कारखान्याचा माल 15 देशांत गेलेला होता. हा जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो, म्हणजे ज्या थंडाव्याच्या भरवशावर सील मारलं त्यातच तो वाढत राहतो. आपण मटण तासभर रटरटा शिजवतो त्यात तो मरतो, ती पोलोनी लोक पाकीट फोडून तशीच खात होते. कारखाने वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. पण गावच्या खाटकाकडे गडबड झाली तर पंधरा घरांना त्रास होतो, कारखान्यात झाली तर देशाला, आणि कुठून झाली हे शोधायला वर्ष जातं.

भाव दुप्पट होणार हे ज्यांनी करारावर कोंबड्या पाळल्यात त्यांना जाऊन सांगा. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, शेड आणि कर्ज तुमचं, आणि किलोमागे किती मिळणार ते कंपनी सांगणार. बाजारात चिकन कितीही चढो, तुम्हाला ठरलेलेच. 2019 च्या शेवटी कोल्हापुरात मटणाचे दर चढले तेव्हा लोक रस्त्यावर आले, कृती समिती झाली, खाटीक आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसले आणि दर ठरला. भांडण झालं, पण भांडायला समोर माणूस होता. अमेरिकेत चार कंपन्या मिळून बीफसाठी खास खाऊ घालून वाढवलेल्या गुरांतली सुमारे 85 टक्के घेतात, तिथला शेतकरी कुणासमोर बसणार? आणि मेसेजने शेतकरी मरतो हे नवं नाही, 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो असं फिरवलं आणि पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या फुकट वाटल्या, खड्ड्यात पुरल्या. नंतर कुणी माफी मागितली?

अमेरिकेचं थोडक्यात, कारण मेसेजमधलं ते वाक्य सरळ खोटं आहे. तिथेही शेतकऱ्याने स्वतःच्या घरासाठी जनावर छोट्या कसायाकडून कापून घेतलं तर चालतं, फक्त पाकिटावर "विक्रीसाठी नाही" लिहावं लागतं. 2020 च्या एप्रिल-मे मध्ये कोरोनाने मोठे कारखाने बंद पडले तेव्हा शेतकऱ्यांना तयार डुकरं मारून टाकावी लागली आणि छोट्या कसायांकडे पुढच्या वर्षाचे नंबर लागले. मेन नावाच्या राज्यात गावांनी ठराव केले की आमच्या गावात शेतकऱ्याकडून शेजाऱ्याने थेट अन्न घ्यायचं तर नियम गाव ठरवणार, 2017 मध्ये राज्याने तसा कायदाच केला, मग केंद्राच्या दबावाने त्यातून मांस वगळावं लागलं, तरी 2021 मध्ये त्यांनी अन्नाचा हक्क राज्याच्या घटनेत घातला. म्हणजे जिथे सगळं मोठ्या कारखान्यांकडे गेलं तिथले शेतकरी आज गावातला कसाई परत मिळावा म्हणून झगडतायत. याला अन्न सार्वभौमत्व म्हणतात, 1996 मध्ये व्हिया कँपेसिना या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेने हा शब्द पुढे आणला. साध्या भाषेत, काय पाळायचं, कुणी कापायचं, कुणाच्या ताटात जायचं हे ज्यांच्या घामाचं आहे त्यांनी ठरवायचं.

2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात 1 कोटी 6 लाखांच्या आसपास शेळ्या आहेत. त्यांतल्या कितीतरी अशाच, कुणाकडे पाच, कुणाकडे दहा, बहुतेक बायांच्या हातातल्या. त्यांना दुमजली गाडी आणि शंभर कोटींचा प्रकल्प नकोय. बाजाराच्या गावी एक धुता येणारा ओटा, टांगायला हूक, पाणी, घाण जिरवायला खड्डा आणि बाजाराच्या दिवशी दोन तास डॉक्टर, एवढं हवंय. 2020 मध्ये केंद्राने पशुसंवर्धनाच्या सोयींसाठी 15 हजार कोटींचा निधी काढला, 3 टक्के व्याज सवलत, मांस प्रक्रिया त्यात बसत होती आणि शेतकरी उत्पादक कंपन्याही पात्र होत्या. दहा गावच्या शेळीवाल्या बाया आणि चार खाटीक एकत्र आले तर अशा योजनेतून हे मागता येतं. "बंद करा" म्हणणाऱ्यांनी यासाठी एक तरी अर्ज भरलाय का?

मेसेज ज्यांनी टाकला ते आमच्याच नात्यातले भावजी आहेत, वाईट माणूस नाही, त्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं, म्हणाले मला पण कुणीतरी पाठवलं होतं रे. ग्रुपवर दुरुस्ती टाका म्हटलं तर अजून टाकलेली नाही. आत्याकडे अजून एक बोकड आहे, लहान आहे, खंडेनवमीपर्यंत भरेल. तो व्यापाऱ्याला द्यायचा नाही एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. रविवारी मी गावी जातोय, खाटकाचं आधार आणि फोटो घेऊन त्याची नोंदणी भरायला.