लॅमिनेट केलेला चेक

दिवाळीच्या आधी माझी जुनी स्कूटर विकली, 28 हजारात. घेणारा ओळखीतलाच, म्हणजे मी ज्याच्याकडं पंक्चर काढतो त्याच्या मेव्हण्याचा दोस्त, आणि आमच्या कोल्हापुरात एवढी ओळख बँकेच्या पासबुकापेक्षा पक्की धरतात. 10 हजार रोख दिले, 18 चा चेक. चेक टाकला तर परत आला, सोबत बँकेचा मेमो, फंड्स इन्सफिशियंट. फोन केला तर म्हणतो, "भाऊ, परत टाका की, आता जातोय." परत टाकला, परत आला. नंतर फोन उचलायचाच बंद झाला.

घरी सांगायला नको होतं. आबा आधी म्हणाले शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि त्याच दमात म्हणाले, "सोडायचा नाही त्याला!" संध्याकाळी चेक आणि मेमो घेऊन कुठंतरी गेले नि तासाभरानं आले, मी काही विचारलं नाही.

मग वकील शोधायला लागलो. आता गंमत अशी की वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, बार काउन्सिलचा नियमच आहे तसा, पाटीसुद्धा बेताच्या आकाराची लावायची. ज्या गावात पोरगं दहावी पास झालं तर चौकात त्याचा गॉगलवाला फ्लेक्स लागतो त्या गावात वकील तेवढा पाटी बघून शोधायचा! म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'चांगला वकील सुचवा'. पाव तासात अकरा नावं आली, दोन गुड मॉर्निंग आले आणि मावशीचा वेगळा फोन आला, एकदम हळू आवाजात, "सूनबाईशी काही झालंय का रे?" मी नाही म्हणेपर्यंत तिनं ते पलूसला कळवलंपण होतं. रात्री बायकोनं विचारलं की वकील तिच्यासाठी वेगळा बघायचा का एकातच भागेल.

पहिले गेलो आत्याच्या दिरांकडं. जमिनीच्या केसेसमधला मोठा माणूस. "गट नंबर काय?" म्हटलं, काका, स्कूटर आहे. "असू दे, सातबारा कुणाच्या नावावर?" पेरूच्या फोडी खात दीड तास वारसनोंद, फेरफार, बांध असं चाललं, आणि निघताना मला कळलं की गावच्या विहिरीत आमचा चार आणे हिस्सा आहे नि तो चुलते वापरतायत. एक भांडण घेऊन गेलो होतो, दोन घेऊन आलो.

दुसरं ऑफिस मोठं. भिंतभर लाल-तपकिरी जाडजूड पुस्तकं, बाहेर बसायला सोफा. 18 ऑगस्ट 2025 ला हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, किती वर्षं आंदोलन चाललं होतं, सहा जिल्ह्यांची सोय झाली, अभिमान आम्हाला पण आहेच. पण तेव्हापासून कुठल्याही मोठ्या ऑफिसात 18 हजार हा आकडा तोंडातनं काढायला लाज वाटते. ज्युनिअर लिहून घेत होता. "रक्कम? अठरा लाख?" म्हटलं हजार. त्यानं पेनाला टोपण लावलं.

तिसऱ्याचं नाव भाच्यानं ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून बघितलं, तिथं वकिलाच्या नावावरनं केसेस दिसतात. यादी लांबलचक होती, नुसत्या तारखाच तारखा. भाचा म्हणाला, "मामा, काम भरपूर आहे यांना." आबा म्हणाले, "संपवत नाहीत म्हणून."

शेवटी कसबा बावड्याला कोर्टावरच गेलो. बाहेर चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, जो अर्धा चहा टाकून पळतो त्याला धरा, दुसरा कप मागवतो त्याला धरू नका. बार काउन्सिलनं हा नियम पुस्तकात घ्यायला हरकत नाही. पाचच मिनिटांत एक मॅडम पांढरा बँड सावरत अर्धा कप तसाच ठेवून पळाल्या. मी दुपारी त्यांच्या टेबलासमोर हजर.

त्यांचा पहिलाच प्रश्न, "मेमो कधी मिळाला?" इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं, मीपण नाही. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढून त्यांनी बोटानं दिवस मोजले. चोवीस. चेक न वटल्यावर लागतं त्या कलम 138 मध्ये मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, त्याला मिळाल्यावर 15 दिवस पैसे भरायला, नाही भरले तर पुढं महिन्याभरात केस. म्हणजे मी विहिरीतला हिस्सा ऐकत बसलो होतो तेव्हा इकडं मुदत संपत चालली होती!

"ओरिजिनल चेक दाखवा." मी पिशवीतनं काढला. त्यांनी तो हातात घेऊन वाकवून बघितला. वाकला नाही.

"हे कुणी केलं?"

"वडिलांनी. जाड प्लास्टिक घेतलंय."

"मेमो तरी...?"

"तोपण."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग परत घालून म्हणाल्या, शिक्का वाचता येतोय, बघू. फीचे नोटिशीला 2 हजार. मी हुशारी केली, म्हटलं मॅडम, पैसे आले की त्यातले 20 टक्के घ्या की. तर म्हणाल्या निकालावर फी ठरवायला वकिलाला बंदी आहे, आणि हे विचारणारे आज तुम्ही चौथे. नोटीस आरपीएडीनं, म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टानं जाईल म्हणाल्या, पोस्टात गेलो तर सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालेलं. वकील मंडळी अजून आरपीएडीच म्हणतात.

आठव्या दिवशी तो दारात. हातात नोटीस, खिशात 18 हजार रोख. "एवढं इंग्लिशमध्ये कशाला पाठवलंय भाऊ, फोन करायचा की." माझं तोंड उघडंच राहिलं. पैसे मोजले, चेक परत दिला, त्यानं नखानं वाजवून बघितला. चहा घेतला. जाता जाता दारात थांबून म्हणतो कसा, "वकील बरे दिसतात तुमचे. नंबर द्या की. मलापण एकाचा चेक आलाय, तो वटला असता तर तुमचा वटला असता."

मी नंबर शोधतोय तोवर आतनं आबा चप्पल घालत बाहेर आले.

"चेक जवळ हाय काय? दे इकडं. मी कोपऱ्यावरच चाललोय."