पुन्हा तोच केचपचा गुलाश!

कॉन्टिनेन्टल हॉटेलात 'हंगेरियन गुलाश' मागवला की दर वेळी तेच! कॉर्नफ्लॉवरने चिकट केलेला, केचपने गोडमिट्ट झालेला लाल रस्सा, वर ढोबळी मिरचीचे कच्चट तुकडे. अहो, हंगेरीत गुलाश हे सूप असतं! भरपूर कांदा चरबीवर मऊ परतायचा, भांडं आचेवरून उतरवून पाप्रिका, म्हणजे तिथली लाल मिरचीची पूड, घालायची (नाहीतर ती जळून कडू होते), मग मांस, शहाजिरं, बटाटे आणि मंद आच. जो काय दाटपणा येतो तो विरघळलेल्या कांद्याचा. चिकन पाप्रिकाश, म्हणजे पाप्रिका आणि सावर क्रीमच्या रश्श्यातलं हंगेरियन चिकन, त्याचीही तीच गत, सावर क्रीमचा पत्ताच नाही! विचारलं तर वेटर म्हणतो, "मॅडम, सगळ्यांना असंच आवडतं." मग नाव तरी बदला ना! हंगेरीतल्या सेगेद शहराची पाप्रिका परवडत नसेल तर काश्मिरी मिरची घाला, माझं काही म्हणणं नाही. पण केचप?