‘झाडूवाल्यांचे पगार शहर खातात’ : फिरत्या मेसेजला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत हा मेसेज मला पाच ग्रुपांवर आला. सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या, भिशीच्याही. मजकूर थोडक्यात असा : ‘महापालिकेचा सगळा पैसा कायम कामगारांच्या पगार-पेन्शनमध्ये जातो. झाडूवाला लाखभर पगार घेतो, सकाळी हजेरी लावून घरी जातो, वर मुलालाही वारसाने नोकरी. सगळं काम कंत्राटावर द्या. निम्म्या पैशांत दुप्पट स्वच्छता होईल आणि वाचलेल्या पैशांतून बागा, वाचनालयं, नाट्यगृहं उभी राहतील. महापौरांनी एकदा हिंमत दाखवावी.’

पाठवणारी माणसं वाईट नाहीत. त्यातल्या दोघी तर आमच्या गल्लीत झाडायला येणाऱ्या मावशींना उन्हाळ्यात न चुकता पाणी देतात. म्हणूनच नुसतं ‘हे खोटं आहे’ म्हणून सोडून द्यावंसं वाटलं नाही. एकेक मुद्दा घेते.

‘सगळा पैसा पगारात जातो.’

राज्यातल्या सगळ्यात मोठ्या महापालिकेचे आकडे बघा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा आहे. त्यातले ४३,१६२ कोटी, म्हणजे ५८ टक्के, भांडवली कामांसाठी ठेवलेत : रस्ते, पूल, मलनिस्सारण प्रकल्प वगैरे. पगार, पेन्शन, दवाखान्यांतली औषधं, वीजबिलं, देखभाल-दुरुस्ती हे सगळं मिळून उरलेल्या ४२ टक्क्यांत. तेव्हा ‘सगळा पैसा’ हे तिथेच कोसळतं.

लहान महापालिकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचं उत्पन्न तोकडं, त्यामुळे पगाराचा वाटा मोठा दिसतो. पण तिथे काय घडतं तेही कळायला हवं. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-पेन्शनचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, असा राज्य सरकारचा दंडक आहे. तो ओलांडला की नवीन भरती अडते. माणूस निवृत्त होतो, जागा रिकामी राहते. काम मात्र रोजचंच असतं, म्हणून ते कंत्राटदाराकडे जातं आणि त्याचं बिल आस्थापना खर्चात न धरता दुसऱ्याच शीर्षाखाली पडतं. कागदावर पगाराचा खर्च घटलेला दिसतो. तिजोरीतून पैसा गेलेलाच असतो. मेसेज लिहिणाऱ्याने हे दुसरं शीर्ष कधी उघडून बघितलं असेल असं मला वाटत नाही.

‘लाखभर पगार घेतात आणि हजेरी लावून घरी जातात.’

पंचवीस-तीस वर्षं नोकरी झालेल्या कायम कामगाराचा पगार चांगला असतो, हे मी नाकारत नाही. वेतन आयोगाने बसवलेला पगार आहे तो, तुमच्या-माझ्या घरातल्या सरकारी नोकरदाराला मिळतो तसाच. क्लार्कला मिळाला तर आपल्याला तो हक्क वाटतो आणि खराटा धरणाऱ्याला मिळाला की डोळ्यात खुपतो, याचं कारण ज्याचं त्याने तपासावं. पेन्शनचं म्हणाल, तर १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर जो संप झाला तो त्यासाठीच होता. महापालिकांमध्येही नंतर लागलेल्या कामगारांची तीच गत आहे.

हजेरी लावून गायब होणारे आहेत. आमच्या भागातही मी पाहिलेत. दुसऱ्याच्या नावावर काम करणारा ‘बदली’ माणूस, मुकादमाशी संगनमत, पुढाऱ्याच्या बंगल्यावर राबणारे दोन कामगार, हे सगळं आहे आणि ते थांबलंच पाहिजे. मुंबईत २०१७ पासून बायोमेट्रिक हजेरी आली ती याचसाठी. पण यावर कंत्राट हा उपाय कसा होईल? कंत्राटात वीस माणसांचं बिल लावून बारा माणसं कामावर आणणं उलट सोपं, कारण ती बारा माणसं कोण हेच पालिकेच्या कुठल्या हजेरीपटावर नसतं.

मी एकदा सकाळी सहाला आमच्या जवळच्या, सफाई कामगारांच्या हजेरी चौकीवर गेले होते. चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली, भिंतीला टेकवलेले खराटे, एक टेबल, त्यावर मुकादमाचं रजिस्टर. कायम कामगारांची हजेरी मशीनवर झाली. कंत्राटी बायका बाहेर कट्ट्यावर बसल्या होत्या. त्यांची नावं एका शाळकरी वहीत पेन्सिलीने लिहिली गेली. पेन्सिलीने का, असं मी विचारलं तर त्यातली एक म्हणाली, “ताई, महिनाअखेर खाडे वाढवायला बरं पडतं.” तिच्या हातात मोजे नव्हते. ओला कचरा उचलायला प्लायवूडची दोन फळकुटं होती, कडा झिजून गोल झालेली. ती तिने स्वतः कुठल्याशा फर्निचरवाल्याच्या दुकानाबाहेरून आणली होती.

‘कंत्राटावर दिलं की निम्म्या पैशांत दुप्पट काम.’

माझ्या मते या मेसेजातला सगळ्यात घातक मुद्दा हाच. म्हणून इथे जरा थांबते.

काम तेच, रस्ता तोच, कचऱ्याचा ट्रकही तोच. मग पैसे वाचतात कुठून? कंत्राटदाराचा नफा तर वर मोजायचा असतो. वाचतात ते माणसाच्या ताटातून. किमान वेतन पूर्ण न देणं, पीएफ कापणं पण न भरणं, रजा नाही, गमबूट नाहीत, ग्रॅच्युइटी लागू होण्याआधीच कंत्राट बदलणं. कामगार चळवळीत वावरलेल्या कुणालाही विचारा. सलग नोकरीचे हक्क लागू होऊ नयेत म्हणून २४० दिवस भरायच्या आत ब्रेक द्यायचा आणि कायद्याच्या कक्षेत येऊ नये म्हणून माणसांची संख्या तुकड्या-तुकड्यांत दाखवायची, हे जुनेच डाव आहेत.

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ या कामगार संघटनेने हे कोर्टात सिद्ध करून दाखवलं. सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा तो लढा होता. वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या माणसांना कागदावर कधी कंत्राटदाराचे मजूर, तर कधी चक्क ‘स्वयंसेवक’ दाखवण्याची पद्धत शहरात रुळली होती. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने ही कंत्राटं म्हणजे निव्वळ देखावा असल्याचं म्हटलं आणि कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. पालिका हायकोर्टात गेली, मग सुप्रीम कोर्टात. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कामगारांच्याच बाजूने निकाल दिला. त्यानंतरही नावांच्या स्पेलिंगमधल्या तफावतीवर अनेकांच्या नेमणुका अडकल्या. स्वस्तात केलेल्या त्या कामाची किंमत शेवटी पालिकेलाच मोजावी लागली : वकिलांवर, थकबाकीवर आणि हकनाक गेलेल्या वर्षांवर. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही हे स्पष्ट होतं, की कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने भरायचा. जबाबदारी कंत्राटाबरोबर हस्तांतरित होते, हा गैरसमज आहे.

कार्यक्षमतेचं म्हणाल तर मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्टकडे बघा. गाडी आणि ड्रायव्हर कंपनीचा, मार्ग बेस्टचा, ही भाड्याच्या बसची पद्धत आणताना हीच आश्वासनं होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून बस बंद केल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये याच भाड्याच्या बसवरच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला. जवळजवळ आठवडाभर मुंबईकर थांब्यांवर ताटकळले आणि एसटीच्या गाड्या मागवाव्या लागल्या. मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवरून १० वर गेलं. वाचलेले पैसे प्रवाशाच्या खिशात आले असते तर ते दिसायला हवे होते.

आणि जिवाचं काय? सरकारनेच गटार आणि सेप्टिक टँकमधल्या ५४ मृत्यूंची सामाजिक तपासणी करून घेतली, २०२२ आणि २०२३ मधल्या. त्यांपैकी ४९ जणांच्या अंगावर कुठलंही सुरक्षा साधन नव्हतं. सरकारी पगारावर होते फक्त ५. बाकी बहुतेक कुणीतरी सुटं बोलावून आणलेले, रोजावर. २०१३ चा हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण भरपाई मागायची कुणाकडे, हेच त्या घरातल्या बाईला माहीत नसतं. कंत्राटाच्या साखळीत माणूस असा हरवतो.

‘मुलालाही वारसाने नोकरी.’

लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगारांच्या वारसाला नोकरीत प्राधान्य मिळतं, हे खरं आहे. १९७० च्या दशकातली ही गोष्ट. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या माणसांची ती पिढी होती. घर पालिकेच्या वसाहतीतलं, म्हणजे बापाची नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर गेलं. शिफारशी झाल्या त्या याच लोकांसाठी.

या वारसाहक्काचा हेवा करणाऱ्यांना मी एकच विचारते. तुमच्या मुलाला ही नोकरी द्याल? गटारसफाईच्या कामगारांची केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत नोंद झाली, तेव्हा सुमारे ३८,००० जणांमधले जवळजवळ ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधले निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे ६९ टक्के. ही नोकरी कुणाच्या पदरी पडते ते जातीने ठरवलेलं आहे, समितीने नाही. वारसाहक्काने मिळालेली कायम नोकरी ही त्या घरातल्या शिक्षणाची पहिली पायरी ठरते. आमच्या मावशींची मुलगी नर्सिंगला आहे; फी भरली गेली ती मावशींच्या कामगार पतसोसायटीच्या कर्जातून, आणि ते कर्ज कायम कामगारालाच मिळतं.

‘वाचलेल्या पैशांतून बागा, वाचनालयं, नाट्यगृहं.’

बाग उभी राहते ती एकदाच, उद्घाटनाला. त्यानंतर ती राखतो तो माळी. सकाळी कुलूप उघडणारा, पाइप ओढणारा, झोक्याची तुटलेली कडी कळवणारा माणूस लागतो. वाचनालयात पुस्तक फळीवर परत ठेवणारं कुणीतरी लागतं. आपल्याकडे निधीतून बांधलेल्या आणि माणसाअभावी कुलूपबंद पडलेल्या किती वास्तू आहेत ते आपापल्या प्रभागात फिरून बघा. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहराची जी १८ कामं दिलीत, त्यात कचरा आणि सार्वजनिक आरोग्य आहे, तशाच बागा-मैदानं आणि सांस्कृतिक जीवनही आहे. कामगार एका बाजूला आणि समाजजीवन दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी त्यात नाही. गणपती विसर्जनानंतर पहाटे चौपाटीवर कोण असतं? पालखी पुढे गेल्यावर मुक्कामाचा रस्ता कोण धुतं? आपण उत्सव म्हणतो त्याचा उत्तरार्ध यांच्याच हातून होतो.

कायम नोकरीशिवाय दुसरा मार्गच नाही, असं मी म्हणत नाही. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये ‘कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली आणि त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. घरोघरचा कचरा त्याच गोळा करतात, घरटी शुल्क घेतात, सुका कचरा विकण्याचा हक्क त्यांचा. मध्ये कंत्राटदार नाही. करार वाढवून घेण्यासाठी त्यांनाही वेळोवेळी भांडावं लागलं, पण निदान आपण काय भांडतोय आणि कुणाशी, हे त्यांना ठाऊक असतं.

‘महापौरांनी हिंमत दाखवावी.’

महाराष्ट्रात महापौरांना एका सहीने कामगार काढता येत नाहीत. प्रशासनाचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. महापौर सभागृह चालवतात आणि प्रश्न लावून धरू शकतात. मला त्यांच्याकडून हिंमत हवी आहे ती दुसऱ्या कामासाठी : प्रत्येक प्रभागातल्या कंत्राटाची प्रत, कामगारांची नावं आणि त्यांचे पीएफ क्रमांक सभागृहापुढे मागवण्यासाठी.

मी स्वतः माहिती अधिकारात तेवढंच मागितलंय. सोबत एक साधा अर्जही दिलाय. त्या चौकीच्या मागे बायकांसाठी संडास आहे, त्याला गेल्या पावसाळ्यापासून दार नाही. सकाळी सहा ते दुपारी दीडपर्यंत कामाची पाळी असते. दोघी जणी जातात, एक आत आणि एक बाहेर ओढणी धरून. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. पुढचा मेसेज पाठवण्याआधी कुणाला माझ्यासोबत, हे अर्ज दिलेत त्या ऑफिसात यायचं असेल तर सोमवारी अकराला निघणार आहे.