चूक समोरच्याचीच होती

धडक झाली की आधी गाडीतून उतरा आणि दार जोरात आपटा. बंपर गेलाच आहे, आता दाराचं काय घेऊन बसलात? दार आपटलं की निम्मी बाजू मांडून होते. उरलेली निम्मी आवाज चढवून मांडायची. समोरचाही तेच करत असणार, तेव्हा त्याच्यापेक्षा अर्धी पट्टी वर राहा. कुणाला लागलंय का, हे विचारण्याची घाई नको. तेवढ्या वेळात तो बोलून घ्यायचा.

फोटो काढू नका. गाड्या कुठे थांबल्या, चाकं कुठल्या बाजूला वळलेली होती, लेनची रेघ कुठून गेली होती, काचांचा चुरा कुठे पडला, हे सगळं दोन मिनिटांत टिपता येतं. मग भांडणार कशावर? त्यातही काचांचा चुरा फार घातक. तो धडक साधारण कुठे झाली ते दाखवतो आणि कुणाच्याच बाजूने बोलत नाही. अगदीच राहवलं नाही तर आपल्या बंपरचा एक फोटो काढा, पण इतका जवळून की तो बंपर आहे की चंद्राचा पृष्ठभाग, हे नुकसान तपासायला येणाऱ्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरला कळता कामा नये. चार पावलं मागे जाऊन दोन्ही गाड्या, नंबरप्लेटा आणि सिग्नल एकाच चौकटीत घेणं हे नवशिक्यांचं काम.

एव्हाना गर्दी जमलेली असेल. तिच्यात कडेला उभा असलेला एकजण हळूच म्हणेल, "मी इथेच होतो, मी पाहिलं." त्याचा नंबर घेऊ नका, त्याला जाऊ द्या. साक्षीदार म्हणून जो मोठमोठ्याने तुमची बाजू घेतोय त्याला धरा, मग तो आवाज ऐकून मागाहून धावत आलेला का असेना. आणि त्याला प्रश्न नीट विचारा. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत काही विद्यार्थ्यांना अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चेचल्या गेल्या तेव्हा वेग किती होता? आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरी 'धडकल्या'वाल्या ५० पैकी ७ जणांना ती आठवली आणि 'चेचल्या'वाल्या ५० पैकी १६ जणांना. तेव्हा "काय झालं?" असं मिळमिळीत विचारू नका. "हा कसा बेफाम घुसला, पाहिलंत ना?" असं विचारा. अडचण एवढीच, की पलीकडे समोरचाही कुणाला तरी हेच विचारत असतो. आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा तुम्ही स्वतःलाच विचारलेला असतो. संध्याकाळपर्यंत तुम्हालाही काच दिसायला लागते.

मग मांडवलीची वेळ येते. समोरचा खांद्यावर हात ठेवून म्हणेल, "जाऊ द्या, आपापलं बघू." लगेच हो म्हणा. कागदावर काही घेऊ नका, माणसावर विश्वास नको का? युरोपात यासाठी एक छापील फॉर्म असतो. दोघे ड्रायव्हर तो जागेवरच मिळून भरतात, कोणती गाडी वळत होती, कोणती मागे येत होती अशा १७ चौकटींपैकी लागू पडेल तिथे खूण करतात आणि दोघेही सही करतात. चूक कुणाची, हा रकानाच त्यात नाही. अशा देशांत माणसाने मन मोकळं करायचं कुठे?

तोंडी मांडवलीची खरी गोडी दोन दिवसांनी कळते, समोरच्याची मान दुखायला लागते तेव्हा. जागेवर चार पैसे देऊन मोकळे झाला असाल तर आणखी बरं. आपल्या विमा कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही, तडजोड करायची नाही, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. ती अट पॉलिसीच्या त्या पानावर असते जे तुम्ही अजून उघडलेलं नाही. आता उघडूही नका.

कंपनीला कळवण्याची घाई नको. आधी गाडी गॅरेजमध्ये टाका, चकाचक करून घ्या, मग कळवा. सर्व्हेअरला नवी कोरी गाडी बघून आनंद होईल.

आता क्लेम फॉर्म. त्यात 'घटनेचे वर्णन' असं लिहून खाली चार ओळी सोडलेल्या असतात. इथे तुमच्यातला लेखक जागा झाला पाहिजे. "मी माझ्या लेनमधून अत्यंत सावकाश जात असताना समोरील वाहन अचानक प्रकट झाले." वाहन रस्त्यावरून येत नसतं, ते प्रकट होतं. समोरच्यानेही त्याच्या फॉर्ममध्ये 'अत्यंत सावकाश'च लिहिलेलं असतं. दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले तर दोन जवळपास उभ्या गाड्यांनी एकमेकींची दारं सीटपर्यंत आत कशी ढकलली, हा विज्ञानापुढचा प्रश्न उरतो. शिवाय "मी तत्क्षणी ब्रेक दाबला" हे लिहाच. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते आणि माणसाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच, असले हिशेब सर्व्हेअरने करावेत.

वर्णनाखाली आकृतीची चौकट असते. तिच्यात आपली गाडी पट्टीने काढा, ठसठशीत, रेघेच्या आत. समोरच्याची थोडी तिरकी आणि आकाराने मोठी. तिच्या पुढचा बाण जाड हवा, दोनदा गिरवलेला. सिग्नल काढायचा राहून गेला तर हरकत नाही, चौकट लहानच असते.

कंपनीवाले फोनवर जबाब घेतील, तो रेकॉर्ड होतो. प्रत्येक वेळी नवीन काही तरी सांगा. पहिल्या वेळी इंडिकेटर दिला होता, दुसऱ्या वेळी इंडिकेटर आणि हॉर्नही, तिसऱ्या वेळी हात बाहेर काढूनही. इंडिकेटर दाखवला की नाही हे आता कोण सिद्ध करणार, असं तुम्हाला वाटेल. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब असेल तर तो बल्बच करतो. पेटलेल्या बल्बची तार तापून मऊ झालेली असते. धडकेत ती ताणली जाते, वेडीवाकडी होते. विझलेल्या बल्बची तार तशी ताणली जात नाही, फार तर तुटते. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये तर एअरबॅगच्या यंत्रणेला जोडलेली नोंदपेटीच असते. धडकेआधीच्या शेवटच्या साधारण पाच सेकंदांतला वेग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर सगळं तिच्यात राहतं. स्वतःचे पैसे मोजून घरी आणलेला साक्षीदार, आणि तोही फितूर!

यानंतर कुणीतरी म्हणेल, चूक ७० टक्के त्याची, ३० टक्के तुमची. अजिबात ऐकू नका. एक टक्कासुद्धा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. १८०९ साली इंग्लंडमध्ये बटरफिल्ड नावाच्या घोडेस्वाराचा खटला गाजला. फॉरेस्टर नावाच्या माणसाने घराच्या कामासाठी रस्त्यात दांडा आडवा टाकला होता आणि हा संध्याकाळी भरधाव येऊन त्यावर आपटला. कोर्ट म्हणालं, जपून आला असतास तर दांडा दिसला असता. त्याला एक छदाम मिळाला नाही. इंग्लंडला चूक वाटून घेण्याचा कायदा करायला १९४५ साल उजाडलं. अमेरिकेतल्या मेरीलँड, व्हर्जिनियासारख्या काही राज्यांत अजूनही तुमची एक टक्का चूक निघाली तरी सहसा हात हलवत परतावं लागतं. बाकी बहुतेक ठिकाणी ३० टक्के कबूल करून ७० पदरात पाडून घेता येतात. पण मग घरी जाऊन सांगायचं काय?

एक भेकड मार्गही आहे, तो टाळाच. पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असेल तर चूक कुणाची याचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागत नाही. आपली कंपनी ठरलेली कपात करून दुरुस्तीचे पैसे देते आणि नंतर समोरच्याच्या कंपनीकडून वसुलीला लागते. भांडण दोन कंपन्यांचं होतं, तुम्ही त्यातून साफ बाहेर. तरी हा मार्ग धरलाच, तर निदान समोरच्याला "माझी काही तक्रार नाही" असं लिहून द्या. म्हणजे कंपनीचा वसुलीचा हक्क बुडेल आणि ती तुमच्याकडे परत येईल.

शेवटी समोरच्याच्या कंपनीचं पत्र येतं: अमुक रक्कम, पूर्ण आणि अंतिम. बंपर उघडून आत काय वाकलंय हे मेकॅनिकने अजून पाहिलेलं नसतं. त्याची वाट बघू नका, सही ठोका. मग दुपारी त्याचा फोन येईल: "साहेब, रेडिएटरपण गेलाय. नवीन टाकू ना? कंपनी देतीये म्हणालात म्हणून विचारलं."